गुन्नर हंसाचे हद्दपारीची मसलत

समस्त चतुष्पाद, द्विपाद व पुच्छधारी प्रजेचे क्षेम असो. मिनेसोटा प्रांती, कसबे एल्मस्टाड, तळ्याकाठची पेठ, येथे पशुपक्ष्यांचे कायदे नव्याने बांधिले, ते समयी कैसा संग्राम जाहला, कोण हटले आणि कोण तगले, हे पुढील पिढीस ठाऊक असावे. नाहीतर उद्या कोणीही उठोन म्हणेल की ही मर्दुमकी आमच्या आजोबांची. म्हणोन आम्ही, जे त्या दिवशी कॉफीचे बंबावर नेमणुकीस होतो आणि सर्व हकीकत डोळां पाहते जाहलो, ती जैसी घडली तैसी लिहितो. खोट निघाल्यास आमचा पेला उपडा घालावा.

पूर्वी या शहरी जनावरांचा जुना कायदा होता, तो घोडागाडीचे अमदानीतला. त्यात हुकूम होता की रविवारी चर्चचे दारापुढे बैल बांधो नये, आणि कोणाचे डुकराने कोणास बर्फावर पाडिल्यास धन्याने टोपी काढोन माफी मागावी. कुत्र्याचे दोरीविषयी, मांजराचे लस टोचणीविषयी, उन्हात बंद मोटारीत जनावर कोंडणाराचे पारिपत्याविषयी त्यात अक्षर नव्हते. मग महापौर मार्लिस बर्गक्विस्टबाई, बहुत पोक्त, बहुत धोरणी, यांणी मनसुबा केला की कायदा बदलावा, आणि मसुद्यासाठी न्यू जर्सी प्रांतींहोन व्हिन्सेंट डिपाल्मा नामे वकील आणविला. वकील हुशार, चालण्यात जलद, बोलण्यात त्याहोन जलद, परंतु मुलखास नवा. त्याणे कुत्री, मांजरे, ससे, कोंबड्या यांचा उत्तम बंदोबस्त बांधिला आणि अखेरीस एक कलम घातले, की ज्या जनावराविषयी शेजाऱ्याची तक्रार येईल आणि शेजारी भरसभेत ती खरी म्हणोन रुजवात करील, ते जनावर शहराचे हद्दीपार करावे.

हे कलम कोणावर पडणार, हे पेठेत शेंबडे पोरही जाणत होते. तळ्याकाठी सॉल्व्हेग टॉर्वाल्डसनबाई राहत, त्यांचे पदरी गुन्नर नामे हंस होता. हंस म्हणतांच वाचकांनी कमळे, मोती वगैरे मनात आणो नये. हा बदकाचा थोरला चुलता. अंगाने पिंप, मानेने लांब, स्वभावाने तिखट. टपालवाला दिसला की पंख पसरोन चाल करावी आणि रोज प्रातःकाळी शेजारचे आर्विड नीस्ट्रॉम वर्तमानपत्र उचलावयास वाकले की पिछाडीस हल्ला करोन त्यांस त्यांचे दारी पोहोचवावे, ऐसा गुन्नरजींचा शिरस्ता. आर्विड हे थोराड, अबोल, विधुर गृहस्थ, डेअरीची चाकरी सोडोन घरी बसलेले. एके दिवशी विजार फाटली, तेव्हा रागाचे भरात तक्रार लिहोन कचेरीत टाकोन आले.

इकडे बाईंचा जीव टांगणीस लागला. नवरा वारला, मुले दूरदेशी, आणि त्या घरी शब्दास शब्द देणारा तो एक हंसच उरला होता. त्यास नवऱ्याने आपले टोपीत घालोन पिल्लू असता आणिले होते. तो गेला तर बाई खचतील हे उघड होते. आम्हांस याचे फार वाईट वाटले आणि आम्ही, या शहराचे रीतीस धरोन, कोणाशी बोलिलो नाही.

आता येथील दस्तुर सांगणे प्राप्त आहे, कारण सर्व अनर्थ त्यापोटी. येथे कोणी काही देऊ केल्यास पहिल्याने नको म्हणावे, दुसऱ्याने तुम्हांस तसदी म्हणावे, आणि तिसऱ्याने घ्यावे. देणाराही पहिल्याने निव्वळ अदबीखातर देतो. ते कोणी खरे मानीत नाही. आणि कोणाचे तोंडावर सरळ नाही म्हणणे, हे शिवीगाळीहोन भारी. अगदीच भयंकर काही दिसले तर "वेगळंच आहे हो," म्हणावे आणि थंडीचा विषय काढावा.

मग फेब्रुवारी मासी, बर्फ गुडघाभर असता, सभागृही फौजा जमल्या. दाराशी बुटांच्या रांगा लागल्या, मेजावर हॉटडिशची, म्हणजे बटाटे व खिमा एकत्र भाजोन केलेल्या येथील पक्वान्नाची, पातेली मांडिली आणि गुन्नरजींची खासा स्वारी, गळां लाल मफलर, बाईंचे शेजारी खुर्चीवर विराजमान जाहली. कुत्र्यांचे कलम चकमकीवाचोन मंजूर, मांजरांचेही मंजूर, कोंबड्यांवर अंमळ कलकल होवोन मंजूर. मग अखेरचे कलम निघाले आणि त्याखालील पहिली तक्रार म्हणोन वकिलाने आर्विड नीस्ट्रॉम यांस रुजवातीस पुकारिले.

आर्विड उभे राहिले. घसा खाकरला. बाईंकडे पाहिले, मग बुटांकडे पाहो गेले तो बूट दाराशी, म्हणोन मोज्यांकडे पाहिले.

"तसा तो वाईट नाही," आर्विड म्हणाले. "वेगळाच आहे."

"चावतो की नाही, तेवढं सांगा," वकील म्हणाला.

"चावतो असं नाही म्हणता येणार. धरतो."

"आणि सोडतो कधी, आर्विड?" महापौरबाईंनी पुसले.

"दार आलं की."

येणेप्रमाणे फिर्यादीचाच मोर्चा ढासळला. इतक्यात बाई उठल्या. आपल्यापायी सभेचा खोळंबा जाहला याची त्यांस लाज वाटली, आणि दस्तुराप्रमाणे बोलिल्या, "राहू दे हो, कशाला माझ्यापायी ताटकळताय. गुन्नरला पाठवते मी बहिणीच्या शेतावर. त्यात काय एवढं!"

सभा पहिला नकार द्यावयास ओठ उघडत होती. "छे छे, बाई, भलतंच," हे शब्द जिभेवर आले होते. परंतु वकील पडला जलद.

"उत्तम!" तो म्हणाला. "फार आभारी आहे, बाई. मिटला प्रश्न. नोंद करा."

सभेवर वीज पडिली. न्यू जर्सीचे माणसाने पहिले देणे खरे मानिले! आणि आता त्यास तुम्ही चुकलात म्हणावे, तर तो पाहुणा, आणि चूक दाखविणे म्हणजे तोंडावर नाही म्हणणे. सर्व सरदार हवालदिल जाहले. एकाने थंडी फार पडिली ऐसे म्हटले. दुसऱ्याने रुकार दिला. महापौरबाईंनी वकिलाची वाट अडवावी म्हणोन डाव टाकिला, "व्हिन्सेंट, थोडं हॉटडिश घेता का?"

"हो, घेतो की," वकील म्हणाला आणि पहिल्याच आग्रहास ताट पुढे केले. सभेचा उरला धीरही सुटला.

बाई खाली बसल्या आणि हंसाचा मफलर नीट करो लागल्या. मफलर नीटच होता. आमचे हातीचा पेला भरोन वाहिला तरी नळ बंद करावयाचे भान राहिले नाही.

"तर मग," वकील घास गिळोन म्हणाला, "हंस उद्या शहराबाहेर."

"नाही."

सर्व माना वळल्या. आर्विड अद्याप उभेच होते.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. तो कुठं जायचा नाही."

"अहो, तक्रार तुमचीच आहे ना?"

"माझीच. विजार फाटली, राग आला, लिहिलं." आर्विड हंसाकडे वळले. "माझी हेलेन गेली, तेव्हापासून सकाळी कुणी माझी वाट बघत नाही. हा बघतो. चावायला का होईना, पण बघतो."

कोणी थंडीचा विषय काढिला नाही. महापौरबाईंनी रुमाल नाकास लाविला. वकिलाने ताट खाली ठेविले, बाईंकडे नीट पाहिले आणि हलके पुसले, "तुम्हांला त्याला पाठवायचंच नव्हतं, होय ना?"

"तुम्हांला त्रास नको म्हणून म्हटलं," बाई म्हणाल्या आणि रडो लागल्या. गुन्नरजींनी मान ताठ करोन ऐसी आरोळी दिधली की तसबिरी हालल्या.

मग वकिलाने आपले हाते ते कलम छाटिले आणि नवे घातले, की धन्याने जनावर देऊ केल्यास शहराने प्रथम नको म्हणावे, पुन्हा नको म्हणावे, तिसरे खेपेस धन्याचे मुखाकडे पाहावे, मगच काय ते ठरवावे. एकमुखे मंजूर जाहले. एल्मस्टाडची फत्ते जाहली, हंस शहरात कायम जाहला, आणि आर्विड नीस्ट्रॉम यांसी नव्या विजारीचा मान देण्याचे ठरले.

फौजा बूट चढवो लागल्या, तेव्हा बाई आर्विड यांजपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सकाळी कॉफीला याल का? नसेल जमत तर राहू दे हो."

आर्विड म्हणाले, "येतो."

पहिल्याच बोलावण्यास म्हणाले. या शहरचे माणसाने ऐसे केल्याचे स्मरण कोणास नाही, म्हणोन नमूद केले असे.