बी विंगमधलं सभागृह

आमच्या सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर लोवलेकरकाका राहतात. संसदेचं अधिवेशन चालू असलं की अकराला एक मिनिट कमी असताना ते आपल्या हॉलमध्ये उठून उभे राहतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, खाली घरचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. समोर टीव्हीवर लोकसभा. अध्यक्ष आत येतात, सभागृहाला नमस्कार करतात. काका डोंबिवलीतून उलट नमस्कार करतात आणि अध्यक्ष बसल्यावरच आपल्या वेताच्या खुर्चीत बसतात.

‘‘काका, त्यांना दिसत नाही हो,’’ मी एकदा म्हटलं.

‘‘मला दिसतं ना,’’ काका म्हणाले.

नलूकाकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘वीणा, त्यांच्या नादाला लागू नकोस. वरून खासदार, खालून लोवलेकर!’’

काकांनी दिल्ली एकदाच पाहिली आहे, तीही वैष्णोदेवीला जाताना गाडीच्या खिडकीतून. उभी नोकरी त्यांनी इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात केली. टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे बत्तीस वर्षं लिहिलं. निवृत्त झाल्यावर लिहायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी खासदार घेतले. दोनशेपानी वह्यांत रोजचं कामकाज उतरवायचे. कोण बोललं, किती मिनिटं बोललं, कोणी मध्ये तोंड घातलं, सभागृह किती वेळा तहकूब झालं.

आमच्या इमारतीत याची चेष्टा होणारच. मुलं त्यांना ‘माननीय’ म्हणायची. काकांना ते आवडायचं, त्यामुळे चेष्टेत मजा राहिली नाही.

घरही ते त्याच नियमांनी चालवत. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर. काकूला उपप्रश्नांचा भयंकर कंटाळा. म्हणून तिने लग्नाच्या कितव्या तरी वर्षी निकाल दिला, की यापुढे फक्त अतारांकित. तेव्हापासून फ्रीजच्या दारावर चिठ्ठ्या लागायच्या. काकांच्या टाइमकीपरी अक्षरात: ‘अतारांकित प्रश्न. लोणच्याची बरणी कुठे आहे?’ खाली काकूच्या तिरक्या अक्षरात: ‘जिथे असते तिथे.’ किंवा, ‘माझा निळा स्वेटर धुण्यास टाकण्यात आला आहे काय? असल्यास, कोणाच्या परवानगीने?’ उत्तर: ‘होय. वासाच्या.’

मी या सोसायटीची अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. हौसेने नाही. पहिल्या सभेत सगळे खाली बघत होते आणि मी वर बघितलं, एवढंच. नोकरी एका दवाखान्याच्या काउंटरवर, दुपारची पाळी. तिथे नंबराशिवाय मी कोणाला आत सोडत नाही. एकाला सोडलं की दहा जण घुसतात. सोसायटीची सभाही मी तशीच चालवते. आणि खरं सांगायचं तर सभा चालवायला मला काकांनीच शिकवलं. चौदा दिवस आधी नोटीस. विषयपत्रिकेत जे नाही ते बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये. सूचक कोण, अनुमोदक कोण, नावानिशी लिहायचं. एकदा तळमजल्यावरच्या पाटलांनी बिल्डरला भर सभेत ‘नालायक’ म्हटलं, तर काका उभे. ‘‘हरकतीचा मुद्दा! असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकावा.’’

‘‘मग काय म्हणू त्याला?’’ पाटील म्हणाले.

‘‘म्हणा, की माननीय बिल्डरांना वस्तुस्थितीचं भान नाही.’’

‘‘अहो, हे तर जास्त झोंबेल!’’

‘‘म्हणूनच म्हणा.’’

एका अधिवेशनाच्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडे गेले होते. लिफ्टच्या कागदावर सही हवी होती. दोन मिनिटांचं काम. दार काकूने उघडलं, हातात सांडशी. आत काका उभे. टीव्हीवर अध्यक्ष कोणा माजी सदस्याचं निधन झाल्याचं वाचून दाखवत होते. नाव, मतदारसंघ, किती वेळा निवडून आले, शेतीच्या पाण्यासाठी काय केलं. मग सगळं सभागृह उभं राहिलं. काकू सांडशीसकट नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेले. दोघांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला बसवेना. उठले.

सगळे खाली बसले. तीन मिनिटांत कोणीतरी फलक फडकवला, आरडाओरडा, अर्धे लोक अध्यक्षांच्या समोर. सभागृह बारापर्यंत तहकूब. काकूने गॅसवर चहा चढवला. तहकुबीला चहा, हा तिथला नियम होता. अधिवेशन जोरात असलं की दिवसाला पाच चहा व्हायचे.

‘‘कोण होते हो ते? गेले ते?’’ मी विचारलं.

‘‘ठाऊक नाही.’’

‘‘मग उभे का राहिलात?’’

काकांनी वही मिटली. ‘‘वीणाताई, दिवसभर हे लोक एकमेकांचं ऐकत नाहीत. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी समोरचे नाही म्हणतील. पण कोणी गेला की दोन्ही बाजू उभ्या राहतात. नाव घेतात, काय केलं ते सांगतात, आणि ते कायमचं छापून ठेवतात. पाच मिनिटं फक्त. मग भांडा खुशाल.’’

‘‘आणि संध्याकाळचं सांगा की तिला,’’ काकू म्हणाली.

संध्याकाळचं असं, की सात वाजता सभागृह जवळजवळ रिकामं असतं. तेव्हा कोणीतरी नवखा खासदार उठतो आणि आपल्या भागातल्या पुलाबद्दल बोलतो. पुढे बाकं रिकामी. काका त्या वेळी फोनसुद्धा घेत नाहीत. आंबिवलीचा त्यांचा जुना मित्र म्हणतो, ‘‘सातला फोन केला तर लोवलेकर पुलावर असतो.’’

‘‘कोणीतरी ऐकायला नको का?’’ काका म्हणाले. त्या पुलांची त्यांच्याकडे वेगळी वही होती.

सही घेऊन निघाले तेव्हा पाऊण वाजला होता. पाळीवर उशिरा पोचले.

नलूकाकू मागच्या वर्षी गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी दवाखाना, सहाव्या दिवशी संपलं. मुलगा बाळकुमच्या टॉवरमध्ये राहतो. तो आला, सगळं नीट केलं, आणि जाताना म्हणाला, ‘‘बाबा, चला माझ्याकडे.’’ काका म्हणाले, ‘‘अधिवेशन होऊ दे.’’

काकूबद्दल मला एक सांगायला हवं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा तीन वर्षं, माझ्या पाळीच्या वेळात, दुपारी दोन ते पाच काकू त्यांच्याजवळ येऊन बसायची. मी सांगितलं नव्हतं. एक दिवस आली आणि येत राहिली. सासूबाईंना पाणी पाजायची, त्यांच्याशी भांडायची, त्यांच्या केसांची वेणी घालायची. मी तिला कधी नीट ‘थँक्यू’ म्हटलं का, मला आठवत नाही. बहुतेक नाही.

काकूच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी आमची वार्षिक सभा होती. नोटीस आधीच गेलेली. खाली पार्किंगमध्ये मांडववाल्याच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पहिला विषय लिफ्ट, दुसरा गाड्यांच्या जागा. मी रजिस्टर उघडलं, तेवढ्यात काका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, आणि त्या दिवशी खाली पॅन्टसुद्धा. हातात घडी घातलेला कागद.

‘‘अध्यक्षमहाराज, कामकाज सुरू करण्यापूर्वी...’’

आमचे चेअरमन म्हात्रे मोबाइलमध्ये होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे. साडेअकराला मला निघायचं होतं.

‘‘काका, विषयपत्रिकेत आहे का?’’ मी म्हटलं.

काका थांबले. ‘‘नाही.’’

‘‘मग आयत्या वेळच्या विषयात घेऊ ना. शेवटी.’’

‘‘बरोबर आहे,’’ काका म्हणाले आणि बसले.

पुढे काय झालं ते कोणत्याही सोसायटीत होतं तेच. लिफ्टवर तासभर. गाड्यांवर हमरीतुमरी. पाटील आणि ए विंगचे एक जण एकमेकांच्या अंगावर गेले. बायका मुलांना घेऊन वर गेल्या. म्हात्रे म्हणाले, ‘‘जाऊ द्या ओ, बंद करा आता, डोकं फिरलंय,’’ आणि सभा संपली. आयत्या वेळचे विषय आलेच नाहीत. मांडववाला खुर्च्यांच्या चळती करायला लागला. एकाच खुर्चीवर माणूस होता.

‘‘काका, उठता का? खुर्च्या न्यायच्यात,’’ मी म्हटलं.

ते उठले. कागद खिशात ठेवला. कागदात काय होतं, ते मी विचारलं नाही. मला उशीर होत होता.

दोन महिन्यांनी लिफ्टसाठी विशेष सभा घेतली. आधीच्या सभेचं इतिवृत्त मी वाचून दाखवलं. अनुमोदन कोण देतंय, विचारलं, तर काकांनी हात वर केला.

‘‘काही राहिलंय का, काका? तुम्ही सांगाल तर घालते.’’

‘‘राहिलेलं इतिवृत्तात येत नाही, वीणाताई. झालेलं येतं. जे झालं ते तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय.’’ आणि त्यांनी सही केली.

मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की लोवलेकरांनी एक चूक काढली नाही.

परवा परत एका सहीसाठी गेले. अकराला मिनिटभर असेल. दार उघडंच होतं. काका उभे, शर्ट तोच, पण इस्त्री आता घरची, कॉलर एका बाजूला दुमडलेली. टीव्हीवर अध्यक्ष आले. नमस्कार झाला. मग निधनाचा उल्लेख. कोणी माजी सदस्य, लांबच्या राज्यातले. सभागृह उभं राहिलं. मी पर्स धरून काकांच्या शेजारी उभी राहिले, जिथे काकू सांडशी घेऊन उभी राहायची तिथे.

सभागृह बसलं. काका बसले नाहीत.

‘‘काका, बसले सगळे.’’

‘‘हो. त्यांचं झालं,’’ काका म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

तेव्हा मला तो कागद आठवला. मी मंद नाही. पण काही गोष्टी समजायला मला वर्ष लागलं, हे लिहून ठेवते.

‘‘काका, पुढच्या सभेत पहिला विषय तोच घेते. विषयपत्रिकेत छापते. काकूचं नाव, सगळं.’’

काका खुर्चीत बसले. वही उघडली, तारीख घातली. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला फक्त नियम सांगत होते, नेहमीच्या आवाजात.

‘‘माणूस गेल्यावर पहिल्याच बैठकीत उल्लेख होतो, वीणाताई. पहिली होऊन गेली.’’

टीव्हीवर ओरडा सुरू झाला. बारापर्यंत तहकूब. काका उठायला लागले, तशी मी म्हटलं, ‘‘बसा. चहा मी टाकते.’’

स्वयंपाकघर पुरुषाने ठेवावं तसं स्वच्छ होतं. सगळं धुतलेलं आणि सगळं चुकीच्या जागी. दूध घ्यायला फ्रीजकडे वळले. दारावर चिठ्ठी होती. कडा पिवळ्या झालेल्या, अक्षर टाइमकीपरी: ‘अतारांकित प्रश्न. आल्याची किसणी कुठे आहे?’ खाली उत्तरासाठी जागा सोडलेली.

किसणी मला अर्ध्या मिनिटात सापडली. तेलाच्या डब्यामागे, खिळ्याला. कोणतीही बाई तिथेच ठेवेल. मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं, चिठ्ठीवर टेकवलंही.

मग बंद करून परत पर्समध्ये टाकलं. प्रश्न मला विचारलेला नव्हता.

चहात आलं किसून घातलं आणि किसणी धुऊन परत तिच्या खिळ्याला लावून ठेवली.