माने अण्णांचे पांढरे मोजे

माने अण्णा दुसऱ्याच्या गाडीत बसण्याआधी चपला काढतात आणि खिशातून पांढरे सुती मोजे काढून पायांत चढवतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस गाडीला देऊळ मानतो. मग ते माझ्या गाडीच्या चारही सीटांवर पाळीपाळीने बसले, प्रत्येक ठिकाणी पाय दाबून धरले आणि बाहेर येऊन खांबाला टेकले. एक पाऊल वर उचलून त्यांनी मला तळवा दाखवला. मोज्याची टाच ओली होती.

"मागं, डावीकडं," ते म्हणाले. "बाकी सरी, ठीक."

डिसेंबर चालू होता. तीन आठवडे पाऊस नव्हता. गाडी आमच्या बेंगळुरूतल्या, सर्जापूर रोडवरच्या इमारतीच्या तळघरात, छपराखाली उभी असते. मग पाणी आलं कुठून, असं मी विचारलं.

"पाणी चोर असतंय. चोर सापडतो एका जागी, घुसलेला असतो दुसऱ्या जागेनं." एवढं बोलून ते लिफ्टकडे गेले. मी त्यांच्या मागे पाहत उभा राहिलो. मला काहीही कळलं नव्हतं.

कृष्णोजीराव माने आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. चिकपेटजवळ त्यांचं गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांच्या सीटा उचकटून, गालिचे उपटून खाली काय आहे ते पाहिलं. दुकान विकलं, सवय राहिली. मुलगा-सून सकाळी आठला जातात, रात्री नऊला येतात. मधल्या वेळात अण्णा तळघरात फिरतात. कोणाच्या गाडीची काच आतून धुरकट दिसली की त्या घराची बेल वाजवतात. काही लोक दार उघडत नाहीत.

मी मात्र त्यांना स्वतःहून बोलावलं होतं, कारण आई. ती दसऱ्याला निपाणीहून आली आणि महिन्याभरात तिची छाती वाजायला लागली. सगळ्यांनी बेंगळुरूच्या थंडीला दोष दिला. आईनेही दिला, आणि रविवार संध्याकाळच्या बसचं परतीचं तिकीट काढायला लावलं. मग बायकोच्या लक्षात आलं की दम घरात लागत नाही, गाडीतच लागतो. पायाखालचं मॅट उचललं तर खाली राखाडी बुरशी, मांजराच्या अंगासारखी मऊ. सर्व्हिस सेंटरने दिवसभर गाडी ठेवून घेतली, सीटा धुतल्या आणि एक अत्तराची बाटली टांगून परत दिली. त्यानंतर बुरशीला लॅव्हेंडरचा वास यायला लागला.

रविवारपर्यंत गाडी कोरडी झाली तर आई गुढीपाडव्यापर्यंत राहणार होती. नाही तर जाणार होती. मोजे ओले झाले तो मंगळवार होता.

बुधवारी अण्णांनी जुने पेपर मागितले. घड्या करून, त्यांवर आकडे घालून ते गालिच्याखाली ठिकठिकाणी सारले. दारांच्या रबरांवर टाल्कम पावडर मारली, गाडी वर आवारात घ्यायला लावली आणि मला नळी देऊन स्वतः आत बसले. पाणी आधी चाकांपाशी, मग दारांवर, मग टपावर सोडायचं. खालून वर. मी चुकून वरून सुरुवात केली, तर आतून काचेवर टकटक झाली.

"वरून ओतलं तर सगळीकडनं येईल. मग कुठनं आलं, कुणाला विचारायचं?"

पावडरीवर एकही ओघळ उठला नाही. टप आतून कोरडा, दारं कोरडी. तरी गुरुवारी सकाळी सात नंबरची घडी, म्हणजे मागची डावी, भिजून लगदा. अण्णा ती बराच वेळ उलटसुलट करत राहिले. आता तेही माझ्याइतकेच गोंधळलेले दिसले, आणि मला उगाच बरं वाटलं.

तेवढ्यात आई खाली आली. "काय वो, पेपर वाचताय की धुताय?"

"वाचतोय, अक्का."

"मग काय लिवलंय?"

"स्वल्प थांबा." त्यांनी वळून मला विचारलं, "गाडी उभी करताना नाक वर असतं का शेपूट?"

आमची जागा उताराच्या पायथ्याशी आहे. नाक वर असतं, मी म्हणालो. अण्णांनी पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा खसकन उपटला. वरून तो कोरडा होता. खालचं फेल्टचं जाड अस्तर पिळलं तर पाणी निघालं. पाणी पुढे शिरत होतं आणि गालिच्याखालून उतरत मागे जात होतं.

"गाडी कोण धुतंय?"

रोज सकाळी एक माणूस येतो, काचेवर बादली रिकामी करतो. तीन आठवडे न पडलेला पाऊस हा होता. अण्णांनी वायपरखालची जाळी उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि काळा, चिकट गोळा बाहेर काढला. त्यातून एक दोरा लोंबत होता. पाणी बाहेर जायचं भोक त्याने गच्च बुजवलं होतं, म्हणून ते एसीच्या वाटेने आत उतरत होतं.

"पालापाचोळा?" मी विचारलं.

"पाल्याला कुणी दोऱ्यात ओवतं का?"

आई जवळ आली, वाकली आणि सरळ झाली. "झेंडू हाय त्यो. आयुधपूजेचा."

दसऱ्याच्या पूजेला बॉनेटवर घातलेली माळ तिनेच दुसऱ्या दिवशी उतरवली होती. "निर्माल्य हितं टाकलं तर लोक तुडवत्यात. म्हनून फटीत नीट सारलं. आत गाडीतल्या देवाजवळच ऱ्हाईल म्हटलं."

"राहिलं की, अक्का. दोन महिने हललं नाही."

"मग माझी मीच छाती वाजवून घेतली म्हना!"

"तसं मी कुठं म्हटलं?"

"त्वांडावर दिसतंय तुमच्या."

शुक्रवारी अण्णा मेट्रोने चिकपेटला जाऊन नवं फेल्ट घेऊन आले. जुनं फेकलं, पत्रा पुसला, पंख्याने वाळवला. माझ्या लेखी काम संपलं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी किल्ली मागितली. "मी एकटा बसतो. काचा लावून. कुणी येऊ नका."

अर्धा तास झाला तरी ते वर आले नाहीत, म्हणून मी आणि आई खाली गेलो. अण्णा मागच्या सीटवर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, एसीचा पंखा चालू. आम्हाला पाहून ते बाहेर आले आणि खांबाला धरून उभे राहिले. "अजून आहे," ते म्हणाले. "एसीची आतली, हवा गाळायची जाळी बदला."

मला कसलाही वास येत नव्हता. आई मात्र त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

"अण्णा, तुमची छाती वाजतीय."

"स्वल्प."

"स्वल्प न्हवं. मला लांबनं ऐकू आली. कधीपासनं हाय दम?"

दुकानात काथ्याची आणि फोमची धूळ असायची, असं ते म्हणाले. खिशातून दम्याचा पंप काढून त्यांनी दोनदा ओढला. इतक्या दिवसांत मला त्यांच्या खिशात पंप आहे हे माहीत नव्हतं. मी चिडलोच. अहो, आधी सांगायचं नाही का, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर गाडीत बसू दिलं असतं का?"

मी गाडीत डोकं घालून पुन्हा वास घेऊन पाहिला.

"तुम्हाला वास येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "अक्काला बसवून बघायचं का मग? त्यापेक्षा मी बरा."

जाळी बदलली. रविवारी सकाळी अण्णा पुन्हा एकटे बसले, चाळीस मिनिटं. आई दहा पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. ते उतरले तेव्हा तिने त्यांना आधी बोलू दिलं नाही. नुसती कान देऊन उभी राहिली. मग पुढचं दार उघडून बसली.

"मागं बसा अण्णा. एक फेरी मारू. तुमची वाजली तर मला कळंल, माझी वाजली तर तुमाला."

एचएसआर लेआउटच्या दिशेला नेहमीसारखीच गर्दी होती. काचा बंद होत्या. एका सिग्नलला मी इंजिन बंद केलं. दोघंही ऐकत होते, एकमेकांचं आणि स्वतःचं. मीही ऐकलं. श्वास येत-जात होते, एवढंच.

"बसचं तिकीट रद्द कर," आई समोर बघत म्हणाली.

मी आरशात पाहिलं. अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. बाहेर, हातभर अंतरावर, पाण्याचा एक टँकर उभा होता आणि त्याच्या तळातून धार लागली होती. अण्णा भरल्या डोळ्यांनी थेट तिकडेच बघत होते. ती धार त्यांना दिसली नाही.