शांतता, नग एक

जंगलातल्या तंबूंच्या तळाचा वार्षिक तक्ता भरून पाठवायचा होता आणि सातव्या रकान्यात काय लिहावे हे राखणदाराला सुचत नव्हते. रकाना 'उपलब्ध सुविधा' असा होता. तळावर सहा तंबू मावतील एवढी सपाट जमीन होती, एक हातपंप होता आणि आडोशाला एक संडास. पंप पाणीपुरवठा खात्याचा आणि संडास आरोग्य खात्याचा, त्यामुळे वनखात्याच्या तक्त्यात ते दाखवता येत नव्हते. मागच्या वर्षी राखणदाराने प्रामाणिकपणे 'निरंक' लिहिले. मुख्य कार्यालयाने उलटटपाली विचारले, की काहीच नसेल तर आपण तिथे राखता काय? यंदा समाधानकारक माहिती न आल्यास पद रद्द करून आपली बदली शहरातल्या लाकूड कापण्याच्या कारखान्यात करण्यात येईल, असेही त्यात नम्रपणे कळवले होते.

त्या कारखान्यात दिवसभर अकरा करवती चालत. राखणदार आणि त्याची बायको एकोणीस वर्षे या झाडांत राहत होती. करवतींच्या नुसत्या विचाराने त्याचे जेवण कमी झाले होते.

"अहो, त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "लोक इथे कशाला येतात? शांततेसाठीच ना? मग लिहा शांतता."

त्याने सुवाच्य अक्षरात 'शांतता' लिहिले आणि तक्ता टपालात टाकला. बायकोचे ऐकून त्याने आजवर कधी चूक केली नव्हती, ही पहिलीच.

पंधरा दिवसांत पत्र आले. 'आपल्या ताब्यातील शांतता जडसंग्रह नोंदवहीत घेतलेली नाही, ही बाब गंभीर आहे. नग किती, केव्हा प्राप्त झाली, सद्यःस्थिती काय, हे तात्काळ कळवावे.' राखणदाराने कळवले : नग एक, आधीपासून, उत्तम. पुढच्या पत्रात क्रमांक आला, एकशे चौदा. खात्याच्या प्रत्येक वस्तूवर तिचा क्रमांक पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलेला असावा, असा नियम आहे. नवरा-बायको रंगाचा डबा घेऊन सकाळभर तळावर फिरली. शेवटी मधोमध एक मोठा काळा दगड होता, ज्याला टेकून लोक बसत, त्याच्यावर त्यांनी ११४ लिहिले आणि पंपावर हात धुतले.

मग तपासणी आली. दोन जीपगाड्या, एक साहेब, एक कारकून, मोजायचे यंत्र आणि ते यंत्र चालवायला जनरेटर.

"ब्याऐंशी डेसिबल!" कारकून यंत्राकडे बघून ओरडला. जनरेटरमुळे ओरडावेच लागत होते.

"आवाज फार आहे हो इथे," साहेब राखणदाराला म्हणाले. "ही तर सदोष दिसते."

"साहेब, तुम्ही यायच्या आधी चांगली होती."

"आम्ही यायच्या आधी मोजली होती का कुणी?"

"नाही."

"मग कशावरून?"

तेवढ्यात सुतारपक्ष्याने खोडावर ठोकायला सुरुवात केली. याची परवानगी कुणी दिली, असे साहेबांनी विचारले आणि कारकुनाने पक्ष्याची 'अनधिकृत बांधकाम' म्हणून नोंद केली.

चार नंबरच्या तंबूबाहेर एक निवृत्त शिक्षिका खुर्ची टाकून बसल्या होत्या. चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळल्यावर त्या दरसाल सहा-आठ महिने इथे येऊन राहत आणि काहीही करत नसत. साहेब लाभार्थ्यांचे म्हणणे ऐकायला त्यांच्याकडे गेले.

"बाई, आपण इथली शांतता वापरता?"

"वापरते."

"दिवसाला साधारण किती?"

"दुपारी जरा जास्त लागते," बाई म्हणाल्या.

कारकुनाने तेही लिहून घेतले.

महिन्याभरात सुधारणा सुरू झाल्या आणि प्रत्येक सुधारणा अगदी रीतसर होती. शांतता राखण्यासाठी चार शांतता-रक्षक नेमले. कुणी बोलताना दिसला की शिट्टी वाजवायची, हे त्यांचे काम. एका रक्षकाची शिट्टी दुसऱ्याला ऐकू जायला हवी, म्हणून कर्णे बसवले. चार नंबरला ओढ्याचा आवाज जास्त येतो, हा इतर पाच तंबूंच्या तुलनेत अन्याय होता, म्हणून तिथून ओढा वळवण्यासाठी खोदकाम काढले. शांतता अचानक बंद पडली तर पर्यायी व्यवस्था असावी, म्हणून दुसरा जनरेटर आला. तो नीट चालतो की नाही हे रोज तासभर चालवून बघत.

बाईंनी कानात कापूस घातला. राखणदाराची बायको खिडक्या लावून घेऊ लागली. तिला आपल्या सल्ल्याचे इतके वाईट वाटले, की ती आठ दिवस नवऱ्याला कशावरच सल्ला देईना, आणि ही गोष्ट राखणदाराला जनरेटरपेक्षा जास्त खुपली.

वर्षअखेरीच्या पडताळणीत साहेबांनी यंत्र पाहिले, तळ पाहिला आणि शेरा मारला : 'मालमत्ता क्रमांक ११४ जागेवर आढळून आली नाही.' सरकारी वस्तू हरवणाऱ्याला जागेवर ठेवत नाहीत. बदलीचा कागद टाइप करायचा तेवढा बाकी होता.

साहेब हात धुवायला पंपाकडे गेले, तेव्हा कारकून राखणदाराच्या बायकोने दिलेला चहा पीत होता. चहा चांगला होता. तो हळूच म्हणाला, "काका, हरवली असं कशाला म्हणता? हरवली की चूक तुमची. वापरून झिजली म्हणा. मग चूक कुणाचीच नाही."

"झिजली म्हणायला पुरावा?"

"वापरणारा एक साक्षीदार लागतो, बस्स."

राखणदार त्याला घेऊन चार नंबरपाशी गेला. बाईंनी कानातला कापूस काढून सगळे ऐकले. "द्या इकडे कागद," त्या म्हणाल्या. "मी पुष्कळ वापरलीय."

विहित नमुन्यात निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कायमची काढून टाकण्याचा, अर्ज झाला. 'सततच्या वापराने शांतता पूर्णतः झिजली असून दुरुस्तीयोग्य राहिलेली नाही.' साहेबांनी खूश होऊन सही केली, कारण झिजलेल्या वस्तूची चौकशी नसते. नियमाप्रमाणे अवशेष जमा करायचे होते, म्हणून आठ माणसांनी तो काळा दगड जीपमध्ये चढवला. वस्तूच उरली नाही, तेव्हा रक्षक, कर्णे, दोन्ही जनरेटर आणि यंत्र यांचेही कारण उरले नाही. सगळे एकाच दिवशी, बरेच आवाज करत, निघून गेले. निर्लेखन-पश्चात देखरेखीसाठी जागेवर माणूस असावा असे एक जुने परिपत्रक निघाले आणि राखणदाराची बदली रद्द झाली.

शेवटची जीप वळणाआड गेली. खोदकाम अर्धवटच राहिले होते, त्यामुळे ओढा पुन्हा ऐकू येऊ लागला. बाई खुर्चीत मागे रेलल्या. सुतारपक्ष्याने आपले अनधिकृत बांधकाम पुन्हा हाती घेतले. राखणदार पायरीवर बसला, शेजारी बायको बसली, आणि त्याला इतका आनंद झाला की काही बोलावेसेच वाटेना.

खात्याच्या यंदाच्या माहितीपुस्तिकेत या तळापुढे 'येथे शांतता नाही' असे छापले आहे. ते वाचून शांतताप्रेमी मंडळी तिकडे फिरकत नाहीत. ती जातात शेजारच्या प्रमाणित तळावर, जिथे आता बारा शांतता-रक्षक आणि तीन जनरेटर आहेत. मागच्या सुट्टीत तुम्हीही तिथेच होतात. तिथल्या अभिप्राय वहीत 'शहराच्या गोंगाटापासून दूर, अगदी शांत वाटले' असे लिहून खाली सही केली आहे, ती तुमचीच.