व्यंकटचा फुल नोड आणि मामांचं उघडं तोंड

"मला फुल नोड लागतच न्हाई!" मन्नाएखेळ्ळीच्या सप्ताहाच्या मंडपात व्यंकटनं छाती फुगवली. बिटकॉइन खोदायचं त्याचं यंत्र घरात पिठाच्या गिरणीसारखं घरघरत असे. "पूलवाले हजारो यंत्रं एकत्र जुंपतात. खरंखोटं तेच तपासतात. मी नुसता जोर लावतो!"

त्या दिवशीचे कीर्तनकार म्हणजे त्याचे सख्खे मामा, गुंडेराव. म्हणाले, "म्हणजे बुवा म्हणंल ते मागं ओढायचं, अभंग कुठला ते ठावं न्हाई! असला टाळकरी आमी मागल्या रांगेत बी उभा करत न्हाई."

मंडप खदखदला. व्यंकटला इंगळी डसली! फुल नोड म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ओळ न् ओळ स्वतः तपासायची. घरचं इंटरनेट गोगलगाय. मंडपात मात्र कीर्तन मोबाईलवर दाखवायला नवं कनेक्शन आलेलं. त्यानं कॉम्प्युटर गुपचूप स्टेजखाली सरकवला आणि त्या कनेक्शनवर व्यवहार उतरवायला लावला.

ते कनेक्शन घेतलं होतं त्याच्याच आईसाठी. कमलबाई दोन तासांवरच्या मेहकरला लेकीकडं, पाय प्लास्टरात. धाकट्या भावाचं कीर्तन तिनं एकही साल चुकवलं नव्हतं.

नमन झालं. मामांनी नामाची लांब तान घेतली आणि मेहकरच्या मोबाईलवर तसेच आ वासून गोठले!

लगेच फोन. "व्यंकट! गुंड्याचं तोंड उघडंच राहिलंय रे! झटका आला!"

"माय, नुसतं चित्र अडकलंय. मामा आता बी गायलेत. हे ऐक!" त्यानं फोन भोंग्याला लावला.

"ती मागल्या सालची टेप असंल! मला फसवायलास व्हय? मी माझ्या डोळ्यानं बघणार!"

व्यंकटनं कॉम्प्युटर बंद करेस्तोवर मेहकरहून मायची जीप निघाली, आणि तिचा मोबाईल राहिला गादीवर.

मामांचा शेवटचा गजर चालू होता, प्रसादाची रांग लागली होती. तेवढ्यात चौघांनी खुर्चीसकट उचललेली कमलबाई मंडपात आली. मागं डॉक्टर. जनावरांचे, घाईत दुसरं कोण मिळणार!

मामा धावत खाली उतरले. "अक्का! असला पाय घेऊन कामून आलीस?"

"बोलू नको! आधी तोंड मीट. मिटतंय का बघू दे."

चाळीस गावांना जे तोंड कधी मिटलेलं दिसलं नव्हतं, ते भर मंडपात मिटलं. अक्कानं हनुवटी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. डॉक्टरांकडून दातही बघून घेतले! मग डोळ्याला पदर लावला.

तोवर व्यंकटनं स्टेजखालून कॉम्प्युटर ओढून काढला आणि सगळं कबूल केलं.

अक्का खुर्चीत नीट टेकली. "गुंड्या, आता म्हण. अन् नमनापासून म्हण. मी काहीच ऐकलं न्हाई."

पत्रावळी हातात धरलेली माणसं निमूट खाली बसली आणि सगळ्यांनी मिळून व्यंकटकडं पाहिलं.