घोडेबाजारातल्या भुवया

मंगळवारी सकाळी निर्मला वारली. निर्मला माझी बायको. दुपारी शेजारच्या बेबीआक्का आल्या. त्यांनी रंगाची एक डबी उघडली, निर्मलाच्या भुवया रेखल्या आणि डबी मिटली. मग तिला नेलं.

जमलेल्या माणसांना हे चमत्कारिक वाटलं असणार. माझ्या मेहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "या बाई कोण?" तेव्हा मी "शेजारच्या" एवढंच म्हणालो. पुरतं उत्तर आता सावकाश देतो.

बेबीआक्का साठीच्या पुढच्या. शहाद्यात आमच्या घराला त्यांची भिंत लागून आहे. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं हा त्यांचा उद्योग. त्यांचा नवरा ट्रक चालवायचा. एकदा त्याचा विसरवाडीहून निरोप आला, की चहा घेऊन निघतो. तो निघाला, पण गुजरातेच्या दिशेने, आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं. याबद्दल आक्कांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "ट्रक चांगला व्हता."

आक्कांना जगात एकाच प्रश्नाचं कुतूहल होतं: "मझार काय शे?" म्हणजे आत काय आहे. क्रीमची बाटली असो, लिपस्टिक असो, पावडरचा डबा असो, त्यांचा प्रश्न ठरलेला. त्यांचा सिद्धांत असा, की महागड्या बाटलीत शेवटी आपल्याच स्वयंपाकघरातली वस्तू असते. कंपनीचं काम ती लपवणं आणि आक्कांचं काम ती हुडकून काढणं. गल्लीत कुठल्या मुलीने नवी बाटली आणली, की ती आधी आक्कांच्या हाती आणि तिथून माझ्या हाती यायची. मी गावातलं वाचनालय सांभाळतो. बारीक इंग्रजी अक्षरं वाचणारा माणूस एवढीच त्यांच्या लेखी माझी योग्यता.

"भाऊ, वाची दखाड बरं. येन्हा मझार काय शे?"

"पहिलं लिहिलंय ॲक्वा."

"म्हंजे?"

"पाणी."

आक्का खुर्चीतून उठल्याच. "पानी? एवढी मोठी बाई फोटोमा हासी ऱ्हायनी, नि ईकस काय ते पानी?" पुढचे काही दिवस त्या गल्लीत दिसेल त्या बाईला थांबवून ही बातमी सांगत होत्या. पुढची वीस नावं मला नीट उच्चारता येत नव्हती, तेव्हा ती त्यांनी सोडून दिली. "ते ऱ्हाऊ दे. ते वास येवाले टाकेल शे."

बाटलीत काय आहे हे ठरलं, की त्याला स्वस्तातला पर्याय शोधायचा. या कामात आक्का फार वेळा यशस्वी झाल्या असं म्हणवत नाही. बिटाची लिपस्टिक त्यांनी केली, ती ओठांवरून लगेच उडाली आणि दातांवर दोन दिवस टिकली. मसूर आणि आंबेहळदीचा लेप त्यांनी गल्लीतल्या हर्षालीला लग्नाआधी लावला. वरातीपर्यंत पोरगी पिवळीच राहिली, आणि सासरच्या बायका विचारू लागल्या, की तुमच्याकडे हळद धूत नाहीत का. पुरुषोत्तमनगरच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी बाटलीभर मळी आणली. कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, चिकट पाक. त्याने हातावरचे केस निघतील असं त्यांचं म्हणणं. केस काही निघाले नाहीत. मुंग्या मात्र सगळ्या वाड्या-वस्त्यांतून आल्या.

"मझार साखर जास्ती ऱ्हाई गयी," आक्का शांतपणे म्हणाल्या. "कारखानानी चूक शे."

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. दुसऱ्याला लावण्याआधी त्या प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डाव्या हातावर लावून बघत. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे, ठिपके आणि चट्टे. निर्मला त्याला आक्कांचा नकाशा म्हणायची. तोंडाला मात्र आक्कांनी कधी पावडरसुद्धा लावली नाही. हर्षालीने एकदा विचारलं, "आक्का, तू का नही लावस?" तर म्हणाल्या, "दुकानदार काय सोताना पेढा खास का?"

निर्मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिसरीचा वर्ग. तिला आजार झाला, उपचारासाठी आम्ही सुरतेला जाऊ-येऊ लागलो, आणि औषधांनी आधी तिचे केस गेले, मग भुवया. केसांचं तिने फार मनावर घेतलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ती भाजी घ्यायलाही जायची. भुवया गेल्यावर मात्र तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही म्हटल्यावरही ती जाईना. मी समजूत काढली, की मुलांना भुवयांचं काय पडलंय.

"तुम्ही कधी तिसरीचा वर्ग सांभाळलाय?" ती म्हणाली. "मी मारत नाही, ओरडत नाही. मी फक्त बघते. बघायला भुवया लागतात. या तोंडाने मी रागावले तर पोरं विचारतील, बाई, तुम्हाला आश्चर्य कशाचं वाटलं?"

तिने आरशासमोर रागावून दाखवलं. खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. आम्ही दोघेही हसलो. मग ती आत जाऊन निजली.

सुरतेच्या एका दुकानात भुवयांसाठी खास रंग मिळत होता, घामाने न उतरणारा. त्याची किंमत ऐकून निर्मलाने तो काउंटरवर परत ठेवला. साधी पेन्सिल आणली, ती आमच्या उन्हात दुपारपर्यंत गालावर उतरायची.

आक्कांनी हे भिंतीपलीकडून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, निर्मलाच्या समोर बसल्या आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"कवय जानं शे शाळामा?"

"भुवया येतील तेव्हा," निर्मला म्हणाली.

"मंग आनू."

त्या दिवसापासून गल्लीतल्या पोरींच्या बाटल्या आक्कांनी बाजूला ठेवल्या. तुपाच्या दिव्यावर बदाम जाळून काजळी धरली, ती पसरली. एरंडेलात कालवली, ती ओघळली. कोळसा उगाळला, कॉफी उकळली. डाव्या हातावर जागा उरली नाही तेव्हा उजवा हात वापरायला काढला. सकाळी हाताला काळं फासायचं, दिवसभर मशीन चालवायची आणि संध्याकाळी ओल्या पदराने पुसून बघायचं. रोज संध्याकाळी पदर काळा व्हायचा. रोज निर्मला विचारायची, "मग, आक्का?" आणि आक्का म्हणायच्या, "आजना घाम जरा जास्ती व्हता."

मार्गशीर्षात सारंगखेड्याची जत्रा भरली. घोड्यांचा बाजार बघायला लांबून लोक येतात. मला घोड्यांचं काही कळत नाही आणि आक्कांनाही नाही. त्यांना बांगड्यांच्या आणि काजळाच्या दुकानांत आत काय आहे ते विचारायचं होतं, आणि वाचून दाखवायला मी बरोबर हवा होतो.

दुकानांकडे जाताना घोड्यांच्या रांगेत आक्का एकाएकी थांबल्या. समोर एक काळा घोडा होता. व्यापारी त्याला नुकताच पळवून आणून उभा करत होता. घोड्याच्या अंगावरून घाम निथळत होता.

"भाऊ, येन्हं कपाळ दख."

मला काळं कपाळ दिसलं.

"हाऊ काळा येगळा शे, नि हाऊ काळा येगळा."

कित्येक दिवस काळ्या रंगात हात बुडवलेल्या बाईलाच ते दिसलं असतं. कपाळाच्या मधोमध अंगठ्याएवढ्या जागेवरचा काळा रंग बाकीच्या काळ्यापेक्षा किंचित तपकिरी होता. मला कोणीतरी नंतर सांगितलं, की कपाळावर एवढासा पांढरा ठिपका असलेला घोडा अशुभ मानतात, त्याला गिऱ्हाईक लागत नाही. व्यापाऱ्याने ठिपका झाकला होता.

आक्कांनी अंगठा ओला केला आणि घोड्याच्या कपाळावर घासला. घोड्याने मान झटकली. आक्कांनी अंगठा बघितला. तो स्वच्छ होता. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

"ए बाई, हाथ मत लगा!" व्यापारी धावत आला.

"भाऊ, येन्हा मझार काय शे?"

"किसमें?"

"हाऊ डाग झाकेल शे त्यामा."

व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "कौनसा डाग? कोई डाग नहीं है।"

"डाग चांगला शे. घोडा बी चांगला शे. माले घोडा लेना नही. माले फक्त काळा पाहिजे."

"बाई, ये धंधे की बात है। चाय पी, और जा।"

आक्का खाली बसल्या. चहा पिऊ लागल्या. तेवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ घोडा बघायला आले. आक्का कपातून मान वर करून मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, डाग..."

"माताजी!" व्यापारी मधेच ओरडला आणि आक्कांच्या शेजारी उकिडवा बसला. फेटेवाले गृहस्थ आक्कांकडे बघत राहिले, मग घोड्याच्या कपाळाकडे, आणि पुढच्या रांगेकडे निघून गेले. व्यापाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याचा रुबाब गळून गेला होता. "किसके लिए चाहिए?"

"आमनी बाईसाठे," आक्का म्हणाल्या. "तिले भुवया नही. शाळामा जाता येत नही."

व्यापारी आणखी जवळ सरकला. मग त्याने हळू आवाजात सांगितलं: काजळी, मधमाशीचं मेण, एरंडेल, आणि चिमूटभर राळ. राळ मेणाबरोबर मंद आचेवर वितळवायची, घाई करायची नाही. "आदमी को कभी लगाया नहीं," तो म्हणाला. "पहले हाथ पे देख लेना।"

आक्कांनी दोन्ही बाह्या वर करून त्याला हात दाखवले. त्याने बसल्या जागी हात जोडले.

पहिला प्रयोग घोड्याला शोभेल असाच झाला. निर्मलाने आरसा पाहिला आणि म्हणाली, "आता मी रागावले तर पोरं शाळा सोडून जातील." मग आक्कांनी त्यात पानाचा कात घातला, थोडा थोडा करत, आणि काळा रंग निवळून केसांच्या रंगाला आला. हातावर तो घामात टिकला, धुण्याच्या पाण्यात टिकला. तेल लावलं की निघायचा. आक्कांनी तो एका डबीत भरून ठेवला.

आता प्रश्न असा उभा राहिला, की भुवई नेमकी होती कशी? आक्कांनी मला विचारलं. मी लग्नातला फोटो शोधायला उठलो.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "माले याद शे."

बारीक काडीला कापूस गुंडाळून त्यांनी रेखायला घेतलं. उजवी सरळ. डावी जराशी वर उचललेली. आणि डाव्या भुवईच्या शेपटाजवळ त्यांनी तांदळाएवढी जागा मोकळी सोडली. निर्मला लहानपणी उंबऱ्यावर पडली होती, तिथे केस यायचे नाहीत. ती मोकळी जागा दिसली आणि मला माझी बायको दिसली.

निर्मला बराच वेळ आरशात बघत होती. मग तिने माझ्याकडे वळून डावी भुवई उंचावली. "वाचनालयाची वेळ झाली नाही का?" मी निमूट चप्पल शोधू लागलो. आक्का टाळ्या वाजवून हसल्या. "चालस! आते वर्गमा जाय!"

मी चप्पल घालत होतो तेव्हा निर्मलाने आक्कांच्या हातातली काडी घेतली. "आता तुम्ही बसा," ती म्हणाली. आक्कांनी नको नको केलं, पण तिसरीच्या बाईंपुढे कोणाचं चालत नाही. निर्मलाने त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्यांच्या विरळ भुवया भरू लागली. आक्कांनी डोळे मिटले. काडी खाली ठेवल्यावर डोळे न उघडताच म्हणाल्या,

"कितला वरीस व्हई गयात. मन्हा तोंडले कोन्ही हात लायेल नही."

निर्मलाने आरसा पुढे केला. आक्कांनी तो बाजूला सारला. "तू दखं ना? मंग झायं."

त्यानंतर रोज सकाळी शाळेआधी त्या दोघी खिडकीजवळ बसायच्या. आधी आक्का निर्मलाला रेखायच्या, मग निर्मला आक्कांना. औषधं चालूच होती, खऱ्या भुवया काही परतल्या नाहीत; निर्मलाने पुढच्या वर्षीची तिसरीही त्याच भुवयांनी सांभाळली. एकदा घरी येऊन तिने सांगितलं, की वर्ग बडबड करत होता, तिने नुसतं बघितलं आणि मागच्या बाकापर्यंत शांतता झाली. हे सांगताना तिने ते बघणं मला करून दाखवलं. मीही गप्प झालो. मग आजार परत आला, आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

मेहुण्याला द्यायचं उत्तर हे आहे. त्या दिवशीही आक्कांनी ती तांदळाएवढी जागा मोकळी सोडली होती.

निर्मलाचं तेरावं झाल्यावर आक्का एका संध्याकाळी आल्या. हातात कोणाची तरी नवी बाटली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली, पण प्रश्न विचारला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "पहिलं पाणी आहे, आक्का."

"व्हईच," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

आता त्या रोज संध्याकाळी येतात आणि मी वाचून दाखवतो. त्यांच्या भुवया पुन्हा विरळ दिसतात. डबी खिडकीतल्या आरशाखाली आहे. तिच्यात अजून रंग आहे.