लाल पाण्याचा हौद

क्लोतिल्दला दुपारी पुरायचं होतं आणि सकाळीच आन्सेल्मनं आपल्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टावर कॉफी सांडली.

मेलेली बायको अजून घरात आहे आणि आपण दुसऱ्या बाईकडून शर्ट धुऊन घ्यायचा, हे त्याला बरं दिसेना. त्यानं शर्ट बादलीत कोंबला. तिच्या आजारपणात धुवायचे राहिलेले कपडेही बादलीत तसेच पडून होते. तेही उरकून टाकू म्हणून तो गावच्या धुण्याच्या हौदाकडे निघाला.

त्या हौदाच्या छपराखाली गावातला पुरुष कधी फिरकत नसे. तिथं बायका कपड्यांबरोबर पुरुषांनाही धोपटत. आज मात्र अंत्यविधीमुळे तिथं शुकशुकाट होता. नोव्हेंबरचं पाणी हाडापर्यंत बोचत होतं. आन्सेल्मनं गुडघे टेकले, सगळी बादली हौदात रिकामी केली आणि साबण घासायला लागला. क्लोतिल्दचा लाल लोकरी स्कार्फ त्यात होता, हे त्याला पाणी रंगल्यावर कळलं.

हौदातलं पाणी खाली गुरांच्या कुंडात जायचं. तिथं म्हातारी मेलानी गाईला पाणी पाजत होती; आन्सेल्मला वर हौदाकडे जाताना तिनं पाहिलं होतं. कुंड लाल होताना पाहून तिनं गाय तिथंच सोडली आणि एवारिस्तचं दार ठोठावलं.

"आन्सेल्मनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं," ती म्हणाली. "वर हौदात रक्त आहे."

एवारिस्त आन्सेल्मचा शेजारी. मधमाश्या पाळणारा, सडाफटिंग. काळा सूट चढवून तो बसलाच होता, तसाच पळत सुटला. हौदाशी पोचला तेव्हा आन्सेल्म काठावर पालथा पडून निसटलेला शर्ट पकडत होता, नाक पाण्याला टेकलेलं. एवारिस्तनं काही न विचारता आत उडी टाकली. पाणी कमरेएवढंच, पण पाय घसरून तो पुरता बुडाला. त्याला कॉलर धरून बाहेर ओढावं लागलं ते आन्सेल्मलाच.

"काय चाललंय तुझं?" आन्सेल्मनं विचारलं.

"तुला वाचवतोय."

"अरे, मी कपडे धुतोय."

एवारिस्तचे दात वाजत होते. "आज धुतोयस," तो म्हणाला. "ती होती तेव्हा कुठं गेला होतास?"

आन्सेल्मनं पिळलेला शर्ट बादलीत टाकला. घरी नेऊन त्यानं एवारिस्तला कोरडे कपडे दिले आणि वरून त्याच्या अंगावर आपला काळा कोट चढवला. स्वतः स्कार्फच्या रंगानं गुलाबी झालेला शर्ट इस्त्रीनं वाळवून घातला, त्यावर तपकिरी जाकीट.

दफन झाल्यावर दोघं स्मशानाच्या फाटकाशी उभे राहिले. क्लोतिल्दच्या माहेरगावची माणसं सांत्वनाला रांगेनं आली. त्यातल्या बहुतेकांनी जावयाला लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. त्यांनी काळा कोट पाहिला, गुलाबी शर्ट पाहिला आणि एवारिस्तचा हात धरला.

"सावरा स्वतःला," एक म्हातारा म्हणाला. "संसार चांगला केला तिनं तुमचा."

"तो मी नव्हे," एवारिस्त म्हणाला. पुढच्या माणसालाही त्यानं तेच सांगितलं. मग एका बाईनं त्याला मिठी मारली आणि तो सांगायचा थांबला.

"फार चांगली होती हो," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. असं रडू आन्सेल्मला अजून आलं नव्हतं.

मेलानी आन्सेल्मच्या कानाशी लागली. "अरे, सांग की त्यांना. नवरा तू आहेस."

 आन्सेल्म तिथून हलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं एवारिस्तचा हात हातात घेतला.

"धीर धर," तो म्हणाला.