काटल्यावर उरलेला एक

लेकीच्या, शांतीच्या, लग्नाची अक्षत द्यायला निघण्याआधी गुणाजी मास्तरांनी ओटीवरचा फळा स्वच्छ पुसला. मुलगी रोह्याची, मुलगा पेणचा, आणि निम्मे नातेवाईक दोन्हीकडचे. एकाच घरी दोनदा अक्षत जायला नको, म्हणून मास्तरांनी रोह्याची नावं वर लिहिली, पेणची खाली, मधे भागाकाराची रेघ ओढली आणि जी वरही होती नि खालीही, ती सगळी दोन्हीकडून काटली. बीजगणित शिकवणारा व्याही मिळाला म्हणून मुलाचे वडील हैबतराव यांचा ऊर भरून आला. उरलेल्यांना ज्याने त्याने आमंत्रण दिलं.

हळदीची वेळ झाली तरी मास्तरांच्या खांब गावच्या कृष्णाबाई आत्याचा पत्ता नव्हता. स्थळ तिनेच आणलेलं, आईविना पोरीला न्हाऊमाखू तिनेच घातलेलं. शांती पाटावरून उठलीच.

"आजीनं लावल्याबिगर मी हळद लावून घ्यायची नाय."

मास्तरांनी व्याह्यांना विचारलं. हैबतराव गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुमीच काटलंत ना? मी कशाला हात लावू?"

मास्तर ओटीवर फळ्यापाशी गेले. जन्मभर वर्गात ते एकच चूक ठोकून काढत आले होते. वरखाली सारखं अक्षर काटलं की पोरं शून्य लिहीत आणि मास्तर ओरडत, गाढवांनो, एक उरतो! आज त्यांनी स्वतः जित्याजागत्या माणसांचं शून्य केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

स्कूटर काढून ते खांबला पोचले. आत्या ओटीवर नवं लुगडं नेसून बसली होती. मागे विमलबाई, पुंडलिक, जनू, सगळी काटलेली मंडळी नटूनथटून, सुतकी चेहऱ्याने. मास्तरांनी आत्याचे पाय धरले आणि रेघेपासून सगळं सांगितलं.

"काटलं तरी एक उरतो, आत्या. मीच विसरलो. चल, बस मागं."

"आमी इतकी काटली, तरी एकच?"

"गणितात कितीही काटली तरी एकच."

आत्याने स्कूटरची मागची सीट निरखून पाहिली. मग हळदीची वाटी पदराआड धरून उठली.

"टेम्पो सकाळपास्नं परसात उभा हाय. कोन बोलवायला येतंय का, तेवडं बगत होतो. नसता आलास तरी निगनार होतो. पोरीचं लगीन हाय, तुजं नाय."

टेम्पो भरला. मास्तर चढायला गेले, तर तिने हात आडवा धरला.

"तू एक ऱ्हा, गुण्या. स्कूटर कोन आननार?"

मास्तर डोळे पुसत टेम्पोमागून रोह्याला निघाले. मागची सीट रिकामीच होती.